'लिटल व्हॉइस': स्वतःच्या आवाजाचा आग्रह

मार्क हर्मन यांच्या 'लिटल व्हॉइस' (1998) या ब्रिटिश चित्रपटाविषयी जे काही लिहिले-बोलले जाते, त्यात एक वाक्य हमखास येते: एका लाजाळू मुलीला अखेरीस स्वतःचा आवाज सापडतो, त्याची ही गोष्ट. वाक्य सोयीचे आहे. परीक्षणात चालते, वर्गात चालते, स्त्रीवादी चर्चासत्रातल्या निबंधाला तर ते शीर्षकासकट आयते मिळते. माझे म्हणणे असे की हे वाक्य चित्रपटाला लागू पडत नाही. ते ज्या नाटकावरून हा चित्रपट निघाला त्या नाटकाला लागू पडते. आणि नाटकाकडून चित्रपटाकडे येताना जे गळाले, त्यातच चित्रपटाचे खरे मोल आहे.

कथानक थोडक्यात सांगतो. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचे स्कारबरो हे गाव. एकेकाळी उत्तरेकडच्या गिरणी-खाणकामगारांचे सुट्टी घालवण्याचे ठिकाण. पुढे स्पेनच्या स्वस्त सहली सुरू झाल्यावर उतरणीला लागलेले. तिथल्या एका कळकट घरात विधवा मारी हॉफ (ब्रेंडा ब्लेथिन) आणि तिची मुलगी लॉरा (जेन हॉरॉक्स) राहतात. मुलगी जवळजवळ बोलतच नाही, म्हणून तिचे नाव पडले 'लिटल व्हॉइस', म्हणजे एलव्ही. वडील गेले, त्यांच्यामागे राहिल्या त्या त्यांच्या रेकॉर्डी. एलव्ही वरच्या खोलीत बसून त्या ऐकते आणि जूडी गार्लंड, मेरिलिन मन्रो, शर्ली बॅसी, मार्लेन डिट्रिख, ग्रेसी फील्ड्स यांच्या आवाजांत हुबेहूब गाते. आईचा नवा मित्र रे से (मायकेल केन) हा घसरणीला लागलेला एजंट. त्याच्या कानावर हा आवाज पडतो आणि त्याला आपले नशीब उघडल्यासारखे वाटते. मग मिस्टर बूचा (जिम ब्रॉडबेंट) क्लब, एक फसलेला प्रयोग, एक विलक्षण यशस्वी प्रयोग, आणि पुढच्या प्रयोगाला एलव्हीचा नकार. जुनाट वायरिंगमुळे घराला आग लागते, रेकॉर्डी जातात, आणि जन्मभर गप्प असलेली मुलगी आईला जे सुनवायचे ते एकदाच सुनावते.

यातला एक प्रसंग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. खाली मारी आणि रे यांचा धांगडधिंगा चाललेला असतो, वर एलव्हीची रेकॉर्ड वाजत असते, आणि फ्यूज जातो. घरात अंधार. यंत्र थांबते, पण आवाज चालूच राहतो. तेव्हा रेच्या ध्यानात येते की वर गाणारी रेकॉर्ड नसून माणूस आहे. प्रसंग विनोदी ढंगाने घेतला आहे, परंतु मूळ आणि प्रतिकृती यांच्या नात्याविषयी तो जे सांगून जातो ते साधे नाही. वीज असेपर्यंत कोण गाते आहे हे कुणी विचारलेच नव्हते. मुलीचा आवाज ऐकू यायला आधी यंत्र बंद पडावे लागले. वॉल्टर बेंजामिनने 1936 साली यांत्रिक पुनरुत्पादनाच्या युगातील कलाकृतीविषयी लिहिताना प्रतिकृतीत मूळ कृतीचे तेजोवलय विरून जाते असे मांडले होते. इथे नेमके उलटे घडते. रेकॉर्ड ही प्रतिकृती. तिची प्रतिकृती करणारा एक जिवंत गळा. आणि त्या दुसऱ्या प्रतिकृतीतच ते हरवलेले वलय परत येते.

नक्कल म्हणजे काय, हा प्रश्न मराठी किंवा संस्कृत साहित्यशास्त्र शिकलेल्या माणसाला नवा नाही. रससूत्रावरील चर्चेत श्रीशंकुकाने चित्रतुरगन्याय मांडला. चित्रातला घोडा पाहताना आपण 'हा घोडाच आहे' असे म्हणत नाही, 'हा घोडा नाही' असेही नाही, संशयही नसतो आणि 'घोड्यासारखा आहे' अशी निव्वळ सादृश्याची प्रतीतीही नसते. या चारही ज्ञानप्रकारांहून ती प्रतीती वेगळी असते. एम.ए.च्या वर्गात हे शिकवताना उदाहरणाची नेहमी पंचाईत होते. एलव्ही क्लबच्या रंगमंचावर उभी राहून गार्लंडच्या आवाजात गाते तो प्रसंग हे त्याचे मी पाहिलेले सर्वांत चोख उदाहरण होय. ती गार्लंड आहे असे समोरच्या प्रेक्षकांना वाटत नाही. नाही असेही वाटत नाही. आणि शंकुकावर भट्टतौताने घेतलेला आक्षेपही, जो अभिनवगुप्तामुळे आपल्यापर्यंत पोहोचला, इथे तपासून पाहता येतो. दुसऱ्याचे अनुकरण केले की त्यातून निर्माण होतो तो हास, असा त्या आक्षेपाचा एक भाग आहे. विदूषकी नकलांना तो तंतोतंत लागू आहे. मिस्टर बूच्या क्लबातील इतर सगळे प्रयोग त्याच जातीचे, प्रेक्षकही हसायला आलेले. एलव्ही गायला लागते आणि त्यांचे हसू मावळते. मग अनुकरणातून जेव्हा हास निर्माण होत नाही, तेव्हा घडते ते अनुकरणच असते का?

माझे उत्तर 'नाही' असे आहे, आणि त्याचे कारण चित्रपटातच आहे. एलव्ही गाते ती कुणासारखे गावे म्हणून नव्हे. ती रेकॉर्ड लावते तेव्हा वडील खोलीत येतात. गाते तेव्हा ते ऐकत असतात. क्लबमधल्या यशस्वी प्रयोगात प्रेक्षकांत तिला वडिलांची आकृती दिसते आणि तेवढ्यासाठी ती गाते. आपल्याकडे वर्षश्राद्धाला गेलेल्या माणसाच्या आवडीचा पदार्थ करतात, त्या जातीची ही कृती आहे. तिच्या दृष्टीने यात कसब नाही, स्मरण आहे. रेच्या कानाने ते ऐकले आणि त्याचे 'टॅलंट' झाले. एका माणसाचा शोकविधी दुसऱ्याला गुण म्हणून दिसावा, तो पारखला जावा, त्याला तिकीट लागावे, हा या विनोदी चित्रपटाच्या पोटातला खरा विषय. रे तिला जे पटवतो ते दुष्टपणाने नव्हे; मायकेल केनने या माणसाला जी आर्जवी, थकलेली, स्वतःच्याच थापांवर विश्वास ठेवणारी लकब दिली आहे तिच्यामुळे तो खलनायक वाटत नाही. या भूमिकेसाठी त्यांना गोल्डन ग्लोब मिळाले, ते योग्यच झाले.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. एलव्ही ज्या आवाजांत आसरा घेते, ते आवाज कुणाचे? जूडी गार्लंडला तिच्या आईने अगदी लहानपणी, तीन वर्षांचीही नसताना रंगमंचावर उभे केले. तेराव्या वर्षी तिचा एमजीएमशी करार झाला. वजन आटोक्यात राहावे, थकवा जाणवू नये म्हणून तिला गोळ्यांची सवय लावली गेली. आणि 1969 साली लंडनमध्ये झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनाने वयाच्या 47व्या वर्षी ती गेली. मेरिलिन मन्रोचा तो कुजबुजता, लाडिक आवाज हीच मुळात घडवलेली वस्तू. त्यामागची नॉर्मा जीन 1962 साली वयाच्या 36व्या वर्षी संपली. म्हणजे एजंटापासून आणि आईपासून पळून मुलगी ज्या आवाजांत लपते, तेच आवाज एजंटांनी, स्टुडिओंनी आणि आयांनी पिळून काढलेले आहेत. चित्रपट हे उच्चारून सांगत नाही. परंतु निवड डोळसपणे झालेली दिसते. अपवाद फक्त ग्रेसी फील्ड्सचा. ती लँकशायरमधल्या रॉचडेलची, कामगारवस्तीतली, आणि आपली गावठी बोली न लपवता तारका झालेली. एलव्हीच्या यादीत तिच्या स्वतःच्या मातीतला असा हा एकच आवाज आहे.

आता नाटकाकडे. जिम कार्टराईट हा लँकशायरमधल्या फार्नवर्थचा नाटककार. 'रोड' (1986) या नाटकाने त्याचे नाव झाले. 'रोड'च्या एका प्रयोगाच्या वेळी जेन हॉरॉक्स गळा मोकळा करताना जुन्या गायिकांच्या नकला करत असे. त्या ऐकून त्याने तिच्यासाठी म्हणून 'द राइज अँड फॉल ऑफ लिटल व्हॉइस' लिहिले. 1992 साली सॅम मेंडीस यांच्या दिग्दर्शनाखाली ते नॅशनल थिएटरमध्ये आले. नाटकात बिली हा टेलिफोन कंपनीचा बुजरा कर्मचारी असतो आणि त्याला प्रकाशयोजनेचे वेड असते. शेवटी तो एलव्हीला रिकाम्या क्लबात नेतो, तिच्यावर दिवे सोडतो, आणि ती पहिल्यांदाच स्वतःच्या आवाजात गाते. चित्रपटातला बिली (यूअन मॅकग्रेगर) टेलिफोनचाच माणूस आहे, पण वेड आहे शर्यतीच्या कबुतरांचे. शेवट कबुतरांपाशी होतो, मोकळ्या आकाशाखाली. तिथे गाणे नाही.

हा बदल अनेकांना चित्रपटाची पीछेहाट वाटतो, आणि त्यांचा युक्तिवाद सहज झटकून टाकण्यासारखा नाही. नाटकाने मुलीला आवाज दिला, चित्रपटाने तिला मुलगा दिला, असे ते म्हणतात. आत्माविष्काराच्या जागी प्रीती, रंगमंचाच्या जागी कबुतरखाना. व्यावसायिक चित्रपटाला प्रेमकथा लागते, त्यात नायिका शेवटी गप्प राहिली तरी कुणाचे बिघडत नाही. बिलीचे पात्र अगदीच भाबडे आहे हेही मला मान्य आहे; मॅकग्रेगरसारख्या नटाला तिथे करण्यासारखे फारसे काही नाही आणि कबुतरांचे प्रतीक तर दहावीच्या पुस्तकातल्या स्वाध्यायाला शोभावे इतके ठळक आहे.

तरीही मला चित्रपटाचा शेवट अधिक प्रामाणिक वाटतो. नाटकातल्या शेवटच्या गाण्याचा श्रोता कोण, हा प्रश्न विचारून पाहावा. बिली आहेच, पण खरा श्रोता तिकीट काढून बसलेला प्रेक्षक आहे. दोन तास तो नकला ऐकून खूश झाला. आता त्याला 'खरे' काहीतरी हवे आहे. रेला हव्या होत्या जूडी आणि शर्ली. प्रेक्षकाला हवी आहे लॉरा. मागणीचा माल बदलला, मागणी तीच राहिली. गाणार नाही, हा नकार चित्रपटात तिने रेला दिलेला असतो. शेवटी न गाऊन तो नकार ती आपल्यापर्यंतही पोहोचवते. ज्या मुलीने गाणे हे कधीच आत्माविष्काराचे साधन म्हणून वापरले नाही, तिने शेवटी आत्माविष्कार गाण्यातूनच करावा, असा आग्रह आपण का धरतो? तिचा स्वतःचा आवाज आपण ऐकलेला आहे. आगीनंतर आईसमोर ती जे बोलते, वडिलांना तू कसे खचवलेस म्हणून जो हिशेब मांडते, तो तिचा आवाज. त्याला चाल नाही, एवढेच.

2009 साली हे नाटक लंडनमध्ये पुन्हा आले तेव्हा एलव्हीच्या भूमिकेत डायना विकर्स होती, आदल्याच वर्षी 'एक्स फॅक्टर' या दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेतून प्रसिद्धीस आलेली तरुण गायिका. ती निवड व्यावसायिकदृष्ट्या चतुर होती यात शंका नाही. पण रे सेच्या धंद्याने आता केवढे रूप घेतले आहे, याची ती नकळत दिलेली कबुलीही होती. त्या स्पर्धांमध्ये, आपल्याकडच्याही, दोन वाक्ये आलटून पालटून ऐकू येतात. आधी 'अगदी हुबेहूब गायलास', आणि थोड्या फेऱ्यांनंतर 'पण यात तू कुठे आहेस?' दहा-बारा वर्षांच्या मुलाला हा दुसरा प्रश्न विचारणाऱ्या परीक्षकांचे मला नेहमी नवल वाटते.

हुबेहूब गाण्याचा विषय निघाल्यावर मराठी वाचकाला कुमार गंधर्व आठवणे अपरिहार्य आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकली हा मुलगा थोरामोठ्या गवयांच्या रेकॉर्डी जशाच्या तशा गाऊन दाखवी, आणि 1930च्या दशकाच्या मध्याला मुंबईच्या संगीत परिषदेत त्याने जाणकारांना थक्क करून सोडले. पुढे तो प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकला. क्षयाने अंथरुणाला खिळल्यावर देवासला काही वर्षे गाणेच बंद होते; त्यानंतर जो गळा उमटला तो कुणाच्याच रेकॉर्डीत नव्हता. ही कहाणी आपण नेहमी 'नकलेकडून स्वत्वाकडे' अशा चढत्या आलेखासारखी सांगतो. मला त्यातले दोन तपशील अधिक महत्त्वाचे वाटतात. पहिला, मधले मौन. देवासच्या त्या खोलीत त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली. गळा बंद होता, कान उघडे होते. दुसरा, त्या मुलाची नक्कल ही उणीव नव्हती. इतके तंतोतंत पकडायचे तर ऐकण्याची जी शक्ती लागते, तीच पुढे कामाला आली. अर्थात कुमार गंधर्व लहानपणापासून मैफलीतच वाढले होते; एलव्हीला मैफल नकोच आहे. तुलना इथेच थांबवलेली बरी.

हा प्रश्न आपल्या धंद्याच्या फार जवळचा आहे म्हणून एवढे लिहितो. आपण साहित्याचे अध्यापक बी.ए.ला विद्यार्थ्याकडून काय मागतो? टीकाकारांचे आवाज. अमक्यांच्या मते, तमक्यांच्या मते. जो ते आवाज हुबेहूब काढतो त्याला गुण मिळतात. मग तोच विद्यार्थी पीएच.डी.ला आला की आपण एकदम कपाळाला आठ्या घालून विचारतो, 'यात तुमचे स्वतःचे काय?' सर्जनशील लेखनातही तेच. 'कोसला' (1963) आल्यानंतर कितीतरी वर्षे पांडुरंग सांगवीकराच्या आवाजात बोलणारे तरुण मराठी कथेत हिंडत होते, जी. एं.च्या छायेत वाढलेली दाट, रूपकांनी लगडलेली गद्येही आपण पाहिली. त्यांची टिंगल करणे सोपे आहे. पण त्यातल्या काहींसाठी ती लकब म्हणजे आवडत्या लेखकाजवळ जाऊन बसण्याची एक पद्धत होती, आणि काहींना त्याहून अधिक काही नकोही होते. महाविद्यालयीन युवक महोत्सव जवळ आला की एखादी अबोल मुलगी 'शोधून काढून' तिला माइकसमोर ढकलण्याची जी चढाओढ आपल्यात लागते, तीत कळवळा किती आणि ढालीचा मोह किती, हे प्रत्येकाने आपल्यापुरते पाहावे. त्या मुलीला काय हवे आहे हे विचारणारा विभाग माझ्या पाहण्यात क्वचितच आला.

भारतीय प्रेक्षकाच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. पार्श्वगायनाच्या संकेतावर आपण पोसलेलो. पडद्यावरचे ओठ एकीचे आणि गळा दुसरीचा, हे आपण इतके निर्वेधपणे स्वीकारले आहे की एका देहातून पाच गळे निघाले तर आपण सहज समजून चालतो की मागे पाच गायिका असणार. पाश्चात्त्य प्रेक्षकालाही ही शंका येणार हे निर्मात्यांना ठाऊक होते. म्हणून शेवटच्या श्रेयनामावलीत सगळी गाणी हॉरॉक्सने स्वतः गायली आहेत अशी स्पष्ट नोंद आहे. रंगमंचावर अशा प्रमाणपत्राची गरज नव्हती, डोळ्यांसमोर घडत होते. चित्रपटाचे माध्यमच असे की त्यात खरेही ध्वनिमुद्रित दिसते, आणि नकलेचा अस्सलपणा लेखी सिद्ध करावा लागतो. मुकेशने 'पहिली नजर'मध्ये (1945) सैगलच्या ढंगात गायले तेव्हा लोकांना ते सैगलच वाटले, हा किस्सा आपल्याकडे कौतुकाने सांगितला जातो. तिथे फसगत हीच पावती होती.

चित्रपटाची खरी फसलेली बाजू माझ्या मते मारीच्या चित्रणात आहे. ब्रेंडा ब्लेथिनने ती अफाट ताकदीने केली. ऑस्करसाठी नामांकनही मिळाले. सतत बडबडणारी, अर्वाच्य, घट्ट कपड्यांत कोंबलेली, पुरुषासाठी आसुसलेली ही बाई. परंतु तिचे बोलणे हाही एक आवाजच आहे, आणि तो कुणाला ऐकायचा नाही. नवरा हयात असतानाही तो रेकॉर्डींत आणि मुलीत रमलेला. ही बाई आपल्याच घरात तिऱ्हाईत. तारुण्य सरलेली, हाती पैसा नाही, आणि घरात नवा टेलिफोन आला तर तिला कोण आनंद होतो, कारण कुणीतरी आपल्याला हाक मारेल ही आशा. मुलीच्या मौनाला चित्रपट कविता मानतो आणि आईच्या कोलाहलाला विनोद. हर्मन यांनी आदल्या 'ब्रास्ड ऑफ'मध्ये (1996) बंद पडणाऱ्या कोळसाखाणीतील वादकांविषयी जी सहानुभूती दाखवली, तिचा दहावा हिस्साही मारीच्या वाट्याला येत नाही. आगीनंतर मुलगी तिला सुनावते तेव्हा प्रेक्षक मुलीच्या बाजूने असतो. ते स्वाभाविक आहे. पण त्यानंतर कॅमेराही मारीला तिथेच सोडून निघून जातो, हे मला खटकते. शेजारीण सेडी (ॲनेट बॅडलँड), जी जवळजवळ काहीच न बोलता मारीची सगळी हिडीसफिडीस सोसत राहते, तिच्यापुरती तरी चित्रपटाला अधिक दया आहे.

शेवटाकडे रे पुन्हा मिस्टर बूच्या क्लबात येतो. पैसा बुडालेला, सावकार मागे लागलेले, पाहुणा म्हणून बोलावलेला लंडनचा बडा एजंट निघून चाललेला. रे माइक ओढून घेतो आणि रॉय ऑर्बिसनचे एक गाणे गाऊ लागतो. सूर सुटलेला, मध्येच शिव्या, मध्येच हुंदका. ऑर्बिसनसारखे गाण्याचा तो यत्किंचितही प्रयत्न करत नाही. केनचा तो कर्कश, फाटका आवाज ऐकताना क्लबातले लोक अवघडून बसतात. कुणाला टाळ्या वाजवाव्यात असे वाटत नाही, आणि मागे वाद्यवृंद मात्र इमानाने ताल धरून राहतो.